खिळ्यावरून ऐकलेले ठोके

मित्रांनो, दोन तलवारी, एक ढाल आणि एक लांबलचक भाला अशा भारदस्त मंडळींच्या रांगेत, अगदी टोकाला, वाकड्या नाकाची काठी टांगलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेलच पाहिली! असं घर सबंध म्हैसुरात एकच होतं, आणि ती काठी म्हणजे मी. मी हॉकीची काठी आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. लढाईला मी कधी गेले नाही. रक्त पाहिलं ते फक्त दत्तोजीच्या फुटलेल्या गुडघ्याचं. तरी माझी पूजा झाली, मला हळदकुंकू वाहिलं, शेवंतीचा हार घातला. आणि खरं सांगू? पहिला हार गळ्यात पडला त्या दिवसापासून मी एकटी पडले. हे कसं झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

जन्माने मी तुतीची. आमच्या म्हैसूर संस्थानात तुतीला मोठा मान, कारण तिच्या पानांवर रेशमाचे किडे पोसतात. माझ्या झाडाची पानंही वर्षानुवर्षं टोपल्या भरभरून गेली. झाड म्हातारं झालं तेव्हा ते तोडलं, आणि त्याचा एक सरळ, चिवट तुकडा चिदंबर आचारींच्या दुकानात येऊन पडला. आचारी म्हणजे आमच्याकडचे सुतार. हे आचारी पाळणे करायचे, टांग्यांची चाकं दुरुस्त करायचे. हॉकीची काठी त्यांनी जन्मात केली नव्हती.

एके दिवशी नागोजीराव दफेदार दुकानात आले. ते महाराजांच्या लान्सर पलटणीत घोडेस्वार होते. त्यांच्या एका हातात त्यांची स्वतःची विलायती काठी होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाचं, दत्तोजीचं, मनगट.

"चिदंबरण्णा, हिच्यासारखी एक करून हवी. पण लहान."

"किती लहान?"

"एवढी," असं म्हणून त्यांनी दत्तोजीलाच पुढे ढकललं.

आचारींनी जमिनीपासून त्याच्या कमरेपर्यंत दोरी धरली, दोरीला गाठ मारली आणि हसले. "अय्यो दफेदारसाहेब, पोरगं उद्या वाढेल. काठी कशी वाढणार?"

"वाढेल तेव्हा बघू. आधी हातात तर येऊ दे!"

मग आचारींनी मला तासलं, वाफेवर धरून माझं टोक वाकवलं आणि चार दिवस साच्यात दाबून ठेवलं. दुखलं की नाही विचारू नका! पण पाचव्या दिवशी साच्यातून निघाले तेव्हा मी लाकडाचा तुकडा राहिले नव्हते. माझ्या मुठीवर सुती दोरा घट्ट गुंडाळला होता, अंगाला जवसाचं तेल लावलं होतं, आणि माझा एक गाल सपाट नि एक गाल गोल होता. हॉकीत सपाट गालानेच चेंडू मारायचा असतो. गोल गालाने मारला की शिट्टी वाजते.

घरी माझं स्वागत काही फार थाटात झालं नाही. दत्तोजीचे आजोबा वेंकोजीराव जुने शिलेदार. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण टोकं अजून वर. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय रे नागोजी? म्हातारीची काठी उलटी धरलीय की काय? आणि नाक बघा हिचं! आमच्या वेळी पोरं भाला उचलायची, भाला!"

"अप्पा, आता पलटणीतले गोरे साहेबसुद्धा हेच खेळतात."

"खेळू देत. त्यांना उद्योग नाही."

दत्तोजीची धाकटी बहीण वनजा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने माझ्या वाकड्या नाकावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, हिचं नाक तुमच्या मिशीसारखं आहे की!" घरभर हशा पिकला. मला ती तेव्हाच आवडली.

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं. नागोजीराव पहाटे घोड्याची मालिश करायला लाइनीत, म्हणजे पलटणीच्या तबेल्यात, जात. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तोजीला परसात नेलं, घराच्या मागच्या भिंतीवर चुन्याने ताटाएवढं वर्तुळ काढलं आणि दहा पावलांवर दगड ठेवला.

"इथून रोज शंभर. आधी चेंडू थांबवायचा, मग मारायचा. थांबवल्याशिवाय मारलास तर तो मोजायचा नाही."

"शंभर? रोज? बाबा, सामना तर तीन महिन्यांनी आहे!"

"मी घोड्याला रोज खरारा करतो. लढाई कधी आहे ते मला तरी कुठे ठाऊक आहे?"

आणखी एक गंमत होती. हॉकीत काठी फिरवतो तो डावा हात. "डावा हात मालक, उजवा चाकर," असं नागोजीराव म्हणायचे. म्हणून दत्तोजीने विहिरीची कळशी रोज डाव्या हाताने आणायची असं ठरलं. पहिले कितीतरी दिवस निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. त्याची आई भागीरथीबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "अंगण धुतलंस ते बरं केलंस रे बाळा, आता भातासाठीही थोडं आण!" आणि शंभर ठोके झाले की मला ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायचं. रविवारी तेल. पुसताना दत्तोजीचा अंगठा माझ्या अंगावरून फिरायचा आणि कुठे तुसाएवढी चीर असली तरी त्याला कळायची. मित्रांनो, रोज हात लावणाऱ्यालाच असं कळतं. वर्षातून एकदा हात लावणाऱ्याला फक्त धूळ कळते.

मोजायचं काम वनजाचं. पन्नासपर्यंत ती मराठीत मोजायची. पुढचे मराठी आकडे तिच्या जिभेवर अडायचे, मग ती सरळ कन्नडवर जायची. "पन्नास! ऐवत्तोंदु! ऐवत्तेरडु!" असं करत करत शेवटी "नूरु!" म्हणजे शंभर, असं इतक्या जोरात ओरडायची की शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. शिवाय चेंडू वर्तुळात लागला की ती एक चिंचोका बाजूला काढायची. पहिल्या दिवशी चिंचोके निघाले नऊ.

पहिल्या महिन्यात काही म्हणजे काही झालं नाही! नऊ, अकरा, सात, तेरा. दत्तोजी रडकुंडीला आला. मला वाटलं, आता हा मला फेकून देणार. एकदा फेकलंही. वनजाने मला उचलून आणलं आणि म्हणाली, "अरवत्तोंदुच झालेत. अजून एकोणचाळीस राहिलेत." एवढंच. रागावली नाही, समजावलं नाही. त्यानेही मुकाट्याने मला घेतलं. दुसऱ्या महिन्यात कधीतरी चिंचोके तीस झाले. कोणत्या दिवशी झाले हे कुणालाच सांगता आलं नसतं. दसऱ्याच्या सुट्टीआधी अडुसष्ट होते.

आणि मग सामना! शाळेच्या संघाचा नायक होता कृष्णमूर्ती, उंच, चष्मेवाला, मराठीत कन्नड मिसळून सतत बडबडणारा. त्याने दत्तोजीला मागच्या फळीत उभं केलं होतं, कारण तिथे कुणी उभं राहायला तयार नव्हतं. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली. समोरच्या संघातल्या एका धिप्पाड मुलाने असा चेंडू हाणला की तो गवतावरून सुसाट आमच्याकडेच आला. मी घाबरले! पण दत्तोजीचे हात घाबरले नाहीत. त्यांनी मला खाली टेकवलं, चेंडू माझ्या सपाट गालाशी येऊन टप्पकन थांबला, आणि तिथून थेट कृष्णमूर्तीच्या काठीवर गेला. गोल कृष्णमूर्तीने मारला. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, तर तो वरूनच ओरडायला लागला, "नोडो, नोडो! तो चेंडू थांबवला कुणी ते बघा की आधी!"

ते सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला क्षण तोच.

त्यानंतर चारच दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्यासारख्या शिपाईपेशाच्या मराठी घरांत त्या दिवशी शस्त्रं उतरवून पुसतात, चौरंगावर मांडतात, पुजतात. नागोजीरावांची तलवार, भाला, घोड्याचा लगाम, सगळं मांडलं होतं. आजोबांनी स्वतःची तलवार आणून ठेवली, म्यानासकट. आणि मग ते परसात आले, मला उचललं आणि नेऊन तलवारींच्या शेजारी ठेवलं!

"यश घेऊन आलेलं ते शस्त्र," ते म्हणाले. "मग त्याचं नाक वाकडं का असेना."

माझ्यावर हळद पडली, कुंकू पडलं, हार पडला. दारात कोहळा फोडला. मी फुलून गेले होते, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी विजयादशमी. त्या दिवशी सगळी हत्यारं पुन्हा कामाला लागतात. चिदंबर आचारींनी आपला पटाशीचा डबा उघडला, नागोजीरावांनी लगाम उचलला. दत्तोजीने माझ्याकडे हात केला, तेवढ्यात आजोबांनी मला दिवाणखान्याच्या भिंतीवर, भाल्याच्या पलीकडे, एका मोठ्या खिळ्यावर टांगलं.

"आजोबा, माझी काठी!"

"आता ती तुझी नाही. घराण्याची आहे. यशाचं शस्त्र धुळीत लोळवायचं नसतं."

"पण आजोबा," वनजा म्हणाली, "काल घोड्याचीपण पूजा केली. आज बाबा त्याच्यावर बसून गेले की!"

"घोडा खातो, म्हणून त्याला काम करावं लागतं," आजोबा म्हणाले. यावरचं उत्तर मला सुचलं होतं, पण मला बोलता कुठे येतं?

एरवी संध्याकाळी परतल्यावर नागोजीराव काही बोलले असते. पण त्या वर्षी विलायतेत मोठी लढाई सुरू झाली होती, लान्सरांना समुद्रापार मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, जायचा हुकूम आला होता आणि घरात दुसरं काही सुचत नव्हतं. निघताना त्यांनी दत्तोजीच्या डोक्यावर हात ठेवला. "कुठल्या काठीने मारतोस त्याला महत्त्व नाही. रोजचं सोडू नको. मी पत्रात विचारीन."

"नाही सोडणार बाबा."

ते गेले. आणि मी भिंतीवर राहिले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल तलवारी सोबतीला होत्या की! पण तलवारी बोलत नाहीत. त्या आपल्या म्यानात डोळे मिटून असतात. दिवाणखान्यात पाहुणे येत, आजोबा बोट दाखवून माझी कथा सांगत, पाहुणे "वा, वा" म्हणत आणि पान खात. कथेत गोल मीच मारलेला असायचा. कृष्णमूर्ती तर नाहीच, दत्तोजीसुद्धा हळूहळू कथेतून गेला. इतकी स्तुती माझ्या वाट्याला आली, पण माझ्या मुठीला कुणाचा हात म्हणून लागला नाही.

एकच सुख होतं. मी ज्या भिंतीवर होते तिच्याच पाठीवर परसातलं ते चुन्याचं वर्तुळ होतं. शाळेने दत्तोजीला नवी काठी दिली होती. तिने तो चेंडू मारला की इकडे भिंत थरथरायची आणि मी खिळ्यावर किंचित हलायची. शंभर ठोके, शंभर हेलकावे. भिंतीपलीकडून वनजाचा आवाज यायचा, "ऐवत्तोंदु! ऐवत्तेरडु!" मी मनातल्या मनात बरोबर मोजायची.

मग एके दिवशी ऐंशीलाच ठोके थांबले.

"अजून वीस!" वनजाचा आवाज.

"उद्या एकशेवीस मारीन."

दुसऱ्या दिवशी एकशेवीस काही झाले नाहीत. ऐंशीच झाले. मग साठ. मग "काठी उद्या पुसतो, आज घाई आहे." मग कळशी उजव्या हातात गेली, आणि भागीरथीबाई खूश होऊन म्हणाली, "चला, भात वेळेवर शिजतोय हल्ली!" मग चाळीस. मग फक्त रविवारी. वाईट काही घडत नव्हतं हो, रोज थोडंसं काहीतरी घडायचं राहून जात होतं. शेवटी एका सकाळी मी वाट पाहत राहिले आणि भिंत हललीच नाही. वनजाचा आवाज आला, "दादा? दादा, उठ ना." मग तोही थांबला. आई-आजोबांना वाटलं, तो आता शाळेच्या मैदानावरच मारत असेल. माझ्या नाकापासून भाल्यापर्यंत एका कोळ्याने जाळं विणलं. पुढच्या खंडेनवमीलाही आजोबांनी आम्हाला न उतरवता दुरूनच हळदकुंकू वाहिलं. ते जाळं कधी तुटलंच नाही, यावरून काय ते समजा.

पत्रं मात्र यायची. आजोबा माझ्याच खाली बैठकीवर बसून दत्तोजीकडून वाचून घेत. वाळू, उंट, कालवा, असं काय काय असायचं, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, "दत्तोजीचं रोजचं चालू आहे ना?" दत्तोजी उत्तर लिहायला बसायचा. पहिल्यांदा त्याची लेखणी बराच वेळ थांबली, मग त्याने लिहिलं, "होय बाबा, रोज शंभर." वनजा शेजारी बसून बघत होती. ती उठून आत गेली. दुसऱ्यांदा लेखणी थोडीच थांबली. तिसऱ्यांदा थांबलीच नाही. मित्रांनो, खोटं बोलण्याचीसुद्धा सवय लागते, आणि तीही अशीच, रोज थोडी थोडी.

मी भिंतीवर गेल्याला दोन वर्षं होत आली, तेव्हा दसऱ्याच्या सामन्याआधी दीड महिना कृष्णमूर्ती घरी आला. तो अजून संघाचा नायक होता. बसलासुद्धा नाही.

"एनो दत्तो, चेंडू तुला बघून लाजतो की काय? तुझ्या काठीखालून पळूनच जातो! गेले तीन सामने बघतोय मी."

"काठी बरोबर नाही रे."

"काठीला काय झालंय? या दसऱ्याला तू बाहेर. मला वाईट वाटतंय, कणो, पण तू बाहेर."

तो गेला, आणि दोनच दिवसांनी मिसरचं पत्र आलं. अक्षर दुसऱ्याचं होतं. नागोजीरावांच्या उजव्या हाताला गोळी लागली होती. आता बरं होतं, पण बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून त्यांना घरी पाठवत होते. "दसऱ्याच्या सामन्याआधी पोचेन," असं पत्रात होतं. "दत्तोजीने दोन वर्षं रोज शंभर मारले आहेत, ते आता डोळ्यांनी बघायचे आहेत. इस्पितळात सगळ्यांना सांगितलं आहे."

भागीरथीबाई देवापुढे जाऊन रडली. आजोबांनी पत्र पुन्हा वाचून घेतलं. दत्तोजी पांढराफटक पडला. का, ते त्या घरात तिघांनाच ठाऊक होतं. त्याला, वनजाला आणि मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा डुलकी घेत असताना दत्तोजी स्टूल घेऊन आला, त्यावर चढला आणि माझ्या मुठीला हात लावला. काय सांगू! जाळं फाटलं, धूळ उडाली, मी दोन वर्षांनी जमिनीवर आले. त्याने मला छातीशी धरलं आणि पळत परसात नेलं. त्याला वाटत होतं, यश माझ्यात आहे. आजोबांनी इतकं सांगितलं होतं ना! मलाही त्या क्षणी तसंच वाटलं. वेडी मी.

तो दगडामागे उभा राहिला, मला खाली टेकवायला गेला, आणि मी टेकेचना! तो दोन वर्षांत ताडमाड वाढला होता. मी होते तेवढीच होते. तो कमरेत वाकला, आणखी वाकला, कसाबसा ठोका मारला. माझ्या मुठीवरचा वाळलेला दोरा तटकन तुटला. चेंडू वर्तुळापासून हातभर लांब गेला. दुसरा विहिरीकडे. तिसरा तर भागीरथीबाईच्या तुळशीच्या कुंडीवर. तो मटकन खाली बसला.

वनजा मागच्या दारात उभी होती. "दादा, काठी तीच आहे," ती हळूच म्हणाली. "सकाळच नाही."

"बाबा येतायत, वनजा. मी त्यांना काय सांगू?"

"ते मला नाही माहीत. पण उद्या उठवू का?"

त्याने तुटलेला दोरा माझ्या मुठीभोवती गुंडाळला. मग म्हणाला, "उठव."

आजोबा जागे व्हायच्या आत त्यांनी मला पुन्हा खिळ्यावर टांगलं. होय, मित्रांनो, टांगलं! त्याला माझा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीला ठोका बसला आणि मी हलले. तो ठोका नव्या काठीचा होता. मला आनंद झाला आणि त्याच वेळी इतकं एकटं वाटलं की काय सांगू. ज्याच्यासाठी आपण घडलो तो सुधारतोय, पण दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीने. त्या दिवशी चिंचोके निघाले बारा. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "बारा तर बारा. नऊपेक्षा जास्त आहेत की!" कळशी पुन्हा डाव्या हातात गेली, अंगण पुन्हा धुतलं जाऊ लागलं. सहा आठवडे ठोके एक दिवसही चुकले नाहीत. कोळ्याने जाळं विणायचा नाद सोडला.

नागोजीराव आले ते सामन्याच्या आदल्या दिवशी. वाळले होते, काळवंडले होते, उजवा हात पांढऱ्या फडक्यात. दिवाणखान्यात बसले तेवढ्यात आजोबा म्हणाले, "नागोजी, पोराने तुझा शब्द राखला हो! एक दिवस खाडा नाही!"

सगळे हसले. दत्तोजी हसला नाही. तो उभा राहिला. त्याला गप्प बसता आलं असतं. संघात नाही म्हणजे पाय मुरगळला, असं काहीतरी सांगता आलं असतं. माझा जीव मुठीत आला.

"बाबा, ते खोटं आहे. मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. मी मध्येच सोडलं. उद्या मी खेळत नाही, मला काढलंय."

नागोजीरावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"किती दिवस सोडलंस?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत," वनजा म्हणाली. "एक वर्ष, दोन महिने, अकरा दिवस. पण बाबा, आता बेचाळीस दिवस एकही खाडा नाही. काल एकतीस चिंचोके होते."

नागोजीरावांनी आपल्या फडक्यातल्या हाताकडे बघितलं. "तिथे वाळूत," ते म्हणाले, "मी रोज सकाळी मनात मोजायचो. म्हणायचो, आता दत्तो पन्नासवर आला असेल. आता शंभरावर." एवढंच बोलले. त्यांनी हात उगारला असता तर दत्तोजीला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. तो ओंजळीत तोंड झाकून रडला. नागोजीरावांनी त्याला जवळ ओढलं. "बेचाळीस ना? उद्या त्रेचाळीस. सामना आपण दोघं बाहेर बसून बघू."

मग ते वनजाकडे वळले. "आणि तू गं? तू किती मारलेस?"

"मी?" ती गोंधळली. "मी मोजते."

"इतकी वर्षं नुसतं मोजलंस?"

तिची नजर एकदाच, अगदी चोरून, माझ्याकडे आली. त्या घरात भिंतीवर आणखी कुणी टांगलेलं आहे हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

नागोजीराव उठले आणि डाव्या हाताने त्यांनी मला उतरवलं. आजोबा ताडकन उभे राहिले. "नागोजी! ते पूजेचं शस्त्र आहे!"

"अप्पा, तुमची तलवार म्यानातून काढून दाखवा. मग ही परत टांगतो."

आजोबांनी मिशीला पीळ दिला, तलवार उचलली आणि ओढली. निघेना. पायात धरून ओढली. मान लाल झाली, तरी निघेना. दरवर्षी म्यानावरच हळदकुंकू पडत आलं होतं, आत काय चाललंय ते कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी ते धापा टाकत खाली बसले, वनजाकडे बघितलं आणि पुटपुटले, "बघतेस काय? तेल आण. आणि... ती काठी घे जा."

चिदंबर आचारींनी माझ्या मुठीला नवा दोरा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे अकरा वर्षांची वनजा दगडामागे उभी राहिली. मी तिला दोरीने मापून केल्यासारखी बसले! पहिला ठोका हवेत गेला. चेंडू जागचा हललाच नाही. दत्तोजी हसायला लागला, मग एकदम गप्प झाला आणि पायरीवर बसून म्हणाला, "हा मोजत नाही. घे पुन्हा."

पुढच्या वर्षी दत्तोजी संघात परत आला आणि छान खेळला. वनजाला मैदान मिळालं नाही. तेव्हा आमच्या गल्लीत मुली मैदानावर जात नसत. तिने दोन वर्षं परसात, झाडझूड नि सडा झाल्यावर आणि शाळेच्या आधी, रोज शंभर मारले, रोज मला पुसलं, रोज जागच्या जागी ठेवलं. तिचा एकही गोल कुणाला ठाऊक नाही. मग तेराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि ती दूर सोंडूरला गेली. निघण्याच्या दिवशीही ती पहाटे परसात आली. त्या दिवशी चिंचोके निघाले त्र्याण्णव. दत्तोजीचे आयुष्यात कधी अठ्ठ्याऐंशीच्या वर गेले नाहीत. मी दोघांच्याही हातात होते, म्हणून सांगते, दोघांत हात चांगला वनजाचा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मी मागच्या दाराआड उभी असते. दत्तोजी नोकरीवर परगावी आहे, नागोजीराव थकलेत, वर्तुळ पावसाने धुऊन गेलं. कधी कधी पहाटे मी उगीचच वाट बघते. भिंत हलत नाही.

म्हणून माझ्या बालमित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या बॅटीला, काठीला, तंबोऱ्याला, जे काही तुमचं असेल त्याला हार नका घालू. घातलात तर दुसऱ्या दिवशी काढून कामाला लावा. रोज थोडा वेळ हातात घ्या, मग पुसून ठेवा. जमलं नाही तर जमलं नाही म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. आणि तुम्ही खेळत असताना शेजारी कुणी मुकाट्याने तुमचे ठोके मोजत उभं असेल, तर जरा थांबा आणि काठी तिच्या हातात द्या.